लेकरात फरक पडला, हे कोण सांगणार?



पुणे जिल्ह्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहुप्याच्या खोऱ्यात, किंवा इकडे जुन्नरच्या आपटाळे-इंगळूनच्या पट्ट्यात, एखादं मूल उशिरा बसायला लागलं, दोन वर्षांचं होऊनही बोलेना, तर घरातली मोठी माणसं म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता." कधी ते खरंही असतं. पण कधी त्या धीरात मुलाचे फार मोलाचे महिने निघून जातात. ही अडचण कमी व्हावी म्हणून २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं, मुलं तपासायची आणि विकासात मागे पडलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी ही योजना आहे. मला आज बोलायचंय ते त्याच्या पुढचं. उपचार सुरू झाले. मग लेकरात फरक पडला की नाही, हे कोणी ठरवायचं?

किती मुलं तपासली, किती पुढे पाठवली, किती पोचली, हे आकडे लागतातच. पण ते आपण केलेल्या कामाचे आकडे आहेत, मुलाचे नव्हेत. मूल मोजण्यासाठी आपल्याकडे चांगली साधनं आहेत. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर काम करून जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ बाबी आहेत, अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिचं मोल मला पूर्ण मान्य आहे. पण अशा तपासणीसाठी आहुप्याहून पुण्याला यायचं म्हणजे शंभरावर किलोमीटरचा एसटीचा प्रवास. झोपमोड झालेलं, अनोळखी खोलीत बावरलेलं पोर त्या तासाभरात जे दाखवतं, तेवढंच त्याला येतं असं कसं म्हणायचं?

समजा, अडीच वर्षांची मुलगी आहे, पाय ताठर. केंद्रातल्या कागदावर नोंद होते: आधार सोडून दहा सेकंद उभी राहते. आता घरी विचारा. आई म्हणेल, हिला पाटावर बसून आपल्या हाताने भात खाता यावा. आजी म्हणेल, परसाकडेला नेल्यावर हिला उकिडवं बसता यावं, मला आता धरून वाकवत नाही. सकाळी पेज भरवायला किती वेळ जातो, त्यातली किती सांडते, ठसका लागतो का, हे त्या दोघींना रोज दिसतं. उपचारांचं खरं फळ तिथे मोजलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

यासाठी पद्धती आहेत. तुर्कस्तानातल्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी केलेल्या पद्धतीत पहिला प्रश्नच आईवडिलांना असतो: मुलाच्या वाढीबद्दल तुम्हाला कसली काळजी वाटते का? पुढचे प्रश्न हो-नाहीचे नसतात. मूल तुम्हाला काय हवंय ते कसं सांगतं, कशाशी खेळतं, हे घरच्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. चार देशांत या पद्धतीचा अभ्यास झाला. त्यात मुंबईचं उम्मीद केंद्र सहभागी होतं.

दुसरी पद्धत १९६८ सालची, अमेरिकेतल्या किरेसुक आणि शेरमन यांची. मूळ मानसिक आरोग्याच्या कामासाठी केलेली, पण मुलांसाठीही ती छान चालते. उपचारांच्या सुरुवातीलाच घरच्यांबरोबर बसून पाच पायऱ्या ठरवायच्या. मधली पायरी म्हणजे तीन महिन्यांत आपण जे धरून चाललोय ते: पाटावर बसून निम्मा भात स्वतः खाईल. खालच्या दोन पायऱ्या त्याहून कमी, वरच्या दोन त्याहून जास्त. ठरल्या दिवशी अंगणवाडीताई आणि आई मिळून पाहतात, पोर कुठल्या पायरीवर आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही हे कळतं, आणि ती चूक काढू शकते.

मात्र काही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. ताईला बरं वाटावं म्हणून आई "बरंय आता" म्हणते. म्हणून "फरक आहे का?" असं विचारूच नये, "काल संध्याकाळी कशी जेवली, सांगा" असं विचारावं. आई आणि आजीचं पटलं नाही तर दोघींचं लिहावं. बहुतेकदा मूल दोघींजवळ वेगळं वागत असतं. आणि पायरी गाठली नाही तर "घरी व्यायाम करून घेतला नसेल" हे वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ नये. एकदा असा बोल लागला की ती बाई पुढच्या वेळी खरं सांगणार नाही, कदाचित येणारही नाही.

वेळही घराची पाहून ठरवावी. आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या आईला कागद भरायला लावू नका. हिरडा गोळा करायच्या दिवसांत तर घर दिवसभर रानात असतं. पुष्कळ कुटुंबं मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात, तेव्हा मूल एका अंगणवाडीतून निघतं आणि दुसरीत पोचेलच असं नाही. म्हणून ठरवलेल्या पायऱ्यांची एक प्रत माता-बाल संरक्षण कार्डात घालून घरच्यांकडेच असू द्यावी. पथकाने किंवा नव्या ताईने ती आधी मागून घ्यावी, वाचावी आणि मगच मुलाला हात लावावा.