दुकानानंतर काय गेलं?

मी आज अल्बानियातल्या मुस्लिम व्यापारी घरांबद्दल बोलतोय. 1944ला कम्युनिस्ट सत्तेत आले आणि काही वर्षांतच दुकानं, गोदामं सरकारजमा झाली. मला त्याहून भयंकर वाटते ती ‘बिओग्राफी’, म्हणजे घराण्याची सरकारी नोंद. आजोबा व्यापारी होते, एवढ्यावरून नातवाचं विद्यापीठ बंद! काही कुटुंबं तर दूरच्या खेड्यांत स्थानबद्ध. 1967मध्ये मशिदी आणि चर्च, दोन्हींना टाळं. रमजानमध्ये शाळा-कारखान्यांत मुद्दाम खाणं वाटत. ‘नको’ म्हणणारा पकडला जाई. कलंकित नोंदीच्या घराला तर ‘नको’ म्हणणं परवडणारंच नव्हतं. मालमत्ता परत मागायचा कायदा 1993ला आला. तोवर ज्यांची दुकानं गेली, त्यांची मुलंही म्हातारी झाली होती.