तपासनिसाच्या मजुरीची तपासणी कोण करणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



दारिद्र्यावरील कोणताही वाद अखेर आकड्यांपाशी येऊन ठेपतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचे जे विदारक चित्र मांडले, त्याचा मुख्य आधार १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी हाच होता. आकडा खरा की खोटा यावर समाजवादी चळवळीने आजवर पुष्कळ वाद घातले. तो आकडा गोळा करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. आज सर्वेक्षण हा एक मोठा धंदा झाला आहे. बाजार-संशोधन, निवडणुकीचे अंदाज, सरकारी योजनांचे मूल्यमापन अशी कामे ठेक्याने दिली जातात, आणि त्यांच्या तळाशी श्रमिकांचा एक नवा थर तयार झाला आहे. घरी बसून, अर्धवेळ, दूरवरच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकून त्या खऱ्या आहेत की नाहीत हे ठरविणारा सर्वेक्षण-तपासनीस हा त्यांपैकीच एक होय.

प्रथम ह्या कामाचे स्वरूप पाहू. प्रगणक गावात जाऊन टॅब्लेटवर मुलाखत घेतो. तिचे ध्वनिमुद्रण, वेळ आणि ठिकाण यांची नोंद आपोआप होते. ही फाईल शेकडो मैलांवरच्या तपासनिसाकडे येते. संमतीचा मजकूर वाचून दाखविला की नाही, उत्तराचे सर्व पर्याय सांगितले की नाही, प्रगणकाने उत्तर सुचविले काय, हे सारे ऐकून त्याला तक्ता भरावा लागतो. काही मुलाखतींच्या बाबतीत उत्तरदात्याला फोन करून फेरतपासणीही करावी लागते. हे काम करणाऱ्यांत पदवीधर गृहिणी असतात, स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे तरुण असतात, निवृत्त शिक्षकही असतात. 'फावल्या वेळातील कमाई' असे गोंडस नाव देऊन हे काम त्यांच्या गळ्यात बांधले जाते.

ही कमाई नेमकी किती, हे एका उदाहरणाने पाहावे. समजा, एका फाईलचा दर ६० रुपये आहे आणि ऐकणे व तक्ता भरणे मिळून ४० मिनिटे लागतात. दिवसाला सहा फाईली म्हणजे चार तास आणि ३६० रुपये, अर्थात ताशी ९० रुपये. जाहिरातीत दिसतो तो हाच दर. परंतु फाईल येण्याची वाट पाहणे, न उचललेले फोन पुन्हा लावणे आणि पर्यवेक्षकाच्या शंकांना उत्तरे देणे यांत आणखी दोन तास जातात, आणि त्यांचा पैसा मिळत नाही. सहांपैकी एक फाईल 'तपासणी समाधानकारक नाही' म्हणून नाकारली गेली, तर हातात उरतात ३०० रुपये आणि खर्ची पडतात सहा तास. ताशी ९० रुपयांचे ५० रुपये झाले. वीज, इंटरनेट आणि यंत्राची झीज यांचा हिशेब अद्याप केलेलाच नाही. म्हणून पहिला व्यावहारिक नियम असा की, प्रत्येक तपासनिसाने कामाची वही ठेवावी. तारीख, फाईलचा क्रमांक, सुरू केल्याची व संपविल्याची वेळ, वाट पाहण्याचा वेळ आणि नाकारणीचे कारण रोज लिहावे. पोर्टलवरची नोंद कंपनीच्या हाती असते आणि करार संपताच ती दिसेनाशी होते. वही मात्र कामगाराच्या हाती राहते.

आता करारनाम्याकडे वळू. त्यात कामगाराला 'कामगार' कोठेच म्हटलेले नसते. 'स्वतंत्र ठेकेदार', 'सल्लागार', 'व्यावसायिक सेवा देणारी व्यक्ती' अशी प्रतिष्ठित संबोधने असतात. ह्या प्रतिष्ठेची किंमत जबर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. वेतन संहितेने किमान वेतनाचा नियम ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरता न ठेवता सर्व रोजगारांना लागू केला, उक्त्या दराच्या कामालाही लागू केला. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, दंडाची रक्कम वेतनाच्या शेकडा तीनहून अधिक नसावी, असेही तीत आहे. परंतु हे सारे नोकराला लागू. ज्याला करारात ठेकेदार म्हटले, तो संहितेच्या उंबरठ्याबाहेर राहतो.

तथापि नाव दिले म्हणून नाते बदलत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी पूर्वीच मान्य केले आहे. सिकंदराबादच्या एका शिलाई-दुकानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली असे ठरविले की, नगावर मजुरी घेणारे, काही वेळा काम घरी नेणारे शिंपीसुद्धा नोकरच होत. तयार कपडा नापसंत करून तो पुन्हा शिवायला लावण्याचा मालकाचा अधिकार हीच नियंत्रणाची खूण होय. तपासनिसाची फाईल नाकारून ती पुन्हा ऐकायला लावणारी कंपनी याहून वेगळे काय करते? त्या दुकानात शिवणयंत्रे मालकाची होती आणि येथे संगणक कामगाराचा असतो, असा युक्तिवाद केला जाईल. त्याला उत्तर असे की, ज्यावाचून काम होऊच शकत नाही ते पोर्टल कंपनीचेच असते. शिवाय सामाजिक सुरक्षा संहितेने घरबसल्या कामगाराची जी व्याख्या केली आहे, तीत साधने मालकाने पुरविली की नाही हा मुद्दा गौण ठरविला आहे. ह्या व्याख्येने असंघटित कामगारांसाठीच्या कल्याण-योजनांचेच दार उघडते, किमान वेतनाचे नव्हे, हे खरे. परंतु लढ्याला एवढाही आधार थोडा नाही.

सही करण्यापूर्वी करारातील पाच कलमे अवश्य पाहावीत. पहिले, दराचे एकक. 'पूर्ण झालेली फाईल' म्हणजे ऐकून झालेली की स्वीकारली गेलेली? दुसरे, पैसे केव्हा मिळणार. 'ग्राहकाकडून रक्कम आल्यानंतर' असे लिहिले असेल, तर धंद्याची जोखीम मालकाने कामगाराच्या डोक्यावर ठेवली असे समजावे. तिथे निश्चित दिवसांची मुदत घालून मागावी. तिसरे, भरपाईचे कलम. उत्तरदात्यांचे आवाज आणि फोन-क्रमांक तपासनिसाच्या हाताखालून जातात. त्यांच्या गोपनीयतेचा भंग झाल्यास अमर्याद भरपाईची हमी त्याच्याकडून लिहून घेतात. वस्तुतः टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मूळ जबाबदारी माहिती गोळा करविणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. कामगाराची जबाबदारी त्याच्या मिळालेल्या मोबदल्याच्या मर्यादेत राहावी, असा आग्रह धरावा. चौथे, करार संपल्यावर अन्य कंपनीचे काम करू नये अशी अट. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार ती निरर्थक आहे, तिला भिऊ नये. पाचवे, वाद कोणत्या शहरात चालणार. साडेसात हजारांच्या थकबाकीसाठी नांदेडच्या बाईने दिल्लीला खेटे घालावेत, याचा अर्थ थकबाकी सोडून द्यावी असाच होतो.

कराचा प्रश्न याच नावाशी निगडित आहे, आणि तेथेच सामान्य माणूस सर्वांत अधिक गोंधळतो. वरील उदाहरणात महिन्याला २५ दिवस काम मिळाले, तर मिळकत ७,५०० रुपये होते, वर्षाची ९०,०००. हेच पैसे 'पगार' म्हणून दिले, तर करकपात शून्य. 'ठेक्याचे पैसे' म्हणून दिले आणि एकेक बिल ३०,००० च्या व वर्षाची बेरीज एक लाखाच्या आत असली, तरीही शून्य. परंतु 'व्यावसायिक फी' म्हणून दिले, की एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० ची मर्यादा ओलांडताच शेकडा दहाने कपात होते. म्हणजे ९,००० रुपये, महिनाभराच्या कमाईहून अधिक! पॅन दिला नसेल तर कपात शेकडा वीसपर्यंत जाते. काम तेच, कान तेच, रक्कम तीच, केवळ हिशेबनिसाने वेगळा रकाना निवडला.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कपात म्हणजे कर नव्हे. नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि करसवलतीमुळे बारा लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावरही तो भरावा लागत नाही. तेव्हा ज्या तपासनिसाला दुसरे मोठे उत्पन्न नाही, त्याचे ते ९,००० रुपये त्याचेच आहेत. पण मागितल्याशिवाय ते परत मिळत नाहीत. 'माझे उत्पन्न करपात्र नाही, मग विवरणपत्र कशाला?' असे म्हणणारा आपलेच पैसे सरकारजमा करून बसतो. दुसरा गैरसमज असा की, बँकेच्या व्याजासाठी देतो तसे स्वघोषणापत्र दिले की कपात टळेल. ह्या प्रकारच्या देयकांना ते लागू नाही. म्हणून दर तिमाहीला कपातीचा दाखला मागावा, आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ती रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते की नाही हे पाहावे, आणि मुदतीत विवरणपत्र भरावे. हे उत्पन्न पगार नसून धंदा-व्यवसायाचे असल्याने पगारदारांचा सोपा नमुना येथे चालत नाही. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. हिशेब मात्र तोच आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणी वर्षाला वीस लाखांच्या आतील सेवेला सामान्यतः लागत नाही, तेव्हा कंपनीने तिची सक्ती केल्यास निःसंकोच नकार द्यावा.

थकबाकीच्या बाबतीत मालकाचेच शस्त्र त्याच्यावर उलटविण्याची एक वाट आहे. कामगार नव्हे तर स्वतंत्र उद्योग, असे कंपनी म्हणत असेल, तर स्वतंत्र उद्योगाचे हक्कही तिने मान्य केले पाहिजेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे अधिकात अधिक ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रारही पुरवठादाराच्या स्वतःच्या प्रदेशातील परिषदेपुढे चालते. 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे, मात्र काम सुरू होण्यापूर्वी ती केलेली असावी. पण एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वतःला उद्योग म्हणून नोंदविणाऱ्याने उद्या नोकर असल्याचा दावा केला, तर ती नोंद त्याच्यासमोर धरली जाईल. जिथे काम तुरळक आणि अनेक कंपन्यांचे आहे, तिथे ही ढाल वापरावी. जिथे एकच कंपनी वर्षानुवर्षे, ठरल्या वेळी, आपल्या देखरेखीखाली राबवून घेते, तिथे नोकरीच्या हक्कासाठीच लढावे.

आता ह्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. तपासनिसाने फाईल नापास केली की तिकडे उन्हातान्हात घरोघर हिंडलेल्या प्रगणकाची मजुरी बुडते. त्याने ती पास केली आणि पर्यवेक्षकाला दोष सापडला, की तपासनिसाची बुडते. अशा रीतीने दोन गरीब माणसे एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन टोकांना परस्परांविरुद्ध उभी केली आहेत. कंपनी मात्र दोघांच्याही बुडालेल्या मजुरीतून बचत करते. यात न्यायाबरोबर सत्याचाही बळी जातो. ज्याची भाकरी निकालावर अवलंबून आहे, त्याचा निकाल निःपक्षपाती राहील कसा?

ही रीत नवी नाही. सोलापूर-सिन्नरच्या बिडी कामगार स्त्रियांनी कारखानदाराची 'छाट' पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. कष्टाने वळलेल्या विड्या निकृष्ट म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी द्यायची नाही, ही ती छाट. त्या स्त्रियाही घरीच काम करीत आणि त्यांनाही कामगार मानण्यास मालक तयार नव्हते. लढ्यानंतर १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा आला. त्याखालील नियमांनी छाटीला सामान्यतः शेकडा पाचाची मर्यादा घातली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. तो कायदा आता श्रमसंहितेत विलीन झाला असला, तरी त्यातील तत्त्व आजही मार्गदर्शक आहे.

त्यावरून मागण्या स्पष्ट होतात. ऐकलेल्या प्रत्येक फाईलचे पैसे मिळावेत, मग निकाल काहीही असो. वाट पाहण्याच्या व प्रशिक्षणाच्या वेळेचा मोबदला मिळावा. नाकारणीला लेखी कारण आणि ठरावीक मर्यादा असावी. प्रगणकालाही आपल्या मुलाखतीवरील आक्षेप ऐकण्याचा व उत्तर देण्याचा अधिकार असावा. आणि अनेक मालकांकडे तुटक काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायद्याने जो मार्ग दाखविला, तोच येथे अनुसरावा. कामगार व मालक दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि मालकाकडून वसूल केलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ. माथाडी कायदा अंगमेहनतीच्या कामगारांचा आहे, म्हणून तपासनिसांसाठी निराळा कायदा करावा लागेल. पण पाठीवर पोते घेणाऱ्याने जे मिळविले, ते कानाला यंत्र लावून बसणाऱ्याने का मिळवू नये?

कार्यकर्त्यांनी सुरुवात लहान कामापासून करावी. आपल्या तालुक्यातील तपासनीस आणि प्रगणक यांना एकाच बैठकीला बोलवावे, त्यांचे करारनामे एकत्र वाचावेत, विवरणपत्रे भरून द्यावीत. परत मिळालेले ९,००० रुपये दहा भाषणांपेक्षा अधिक विश्वास निर्माण करतात. आणि पुरोगामी संस्था व पक्षही जेव्हा सर्वेक्षणे करवून घेतात, तेव्हा ठेकेदार आपल्या तपासनिसांना काय देतो, हे त्यांनी काम देण्यापूर्वीच विचारले पाहिजे. गरिबीची मोजणी गरिबाला लुबाडून होत असेल, तर त्या मोजणीवर उभारलेले राजकारणही तेवढेच पोकळ ठरेल.