मोबाईलवरील ओळख आणि घरातील मौन



मोबाईल-संगणकावर जुळलेल्या प्रेमाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात; एक थट्टेचा, दुसरा संतापाचा. अशा संबंधांत स्त्रीच्या वाट्याला काय येते, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून आपल्या मुंबईचेच एक उदाहरण आपणांपुढे ठेवतो.

वर्सोव्याचा हमीद निहाल अन्सारी हा उच्चशिक्षित तरुण. फेसबुकवर त्याची पाकिस्तानातील कोहाट येथील एका मुलीशी ओळख झाली. तिचे लग्न मनाविरुद्ध लावले जात आहे असे कळल्याने तो तिकडे निघाला, असे सांगतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये काबूलला नोकरीचे काम आहे असे घरी सांगून तो गेला, आणि अफगाणिस्तानमार्गे कोहाटला पोहोचताच पकडला गेला. तो पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात आहे, हे अधिकृतपणे उघड व्हायला २०१६ साल उजाडले. त्याची आई फौजिया अन्सारी स्वतः अध्यापिका. ही तीन वर्षे त्या माउलीने कशी काढली असतील, याची कल्पना आपणच करावी! त्यांच्या वतीने लाहोरची तरुण पत्रकार झीनत शहजादी धडपडली, तर ऑगस्ट २०१५ मध्ये तिचेच अपहरण झाले. ती ऑक्टोबर २०१७ मध्ये सापडली. दरम्यान तिच्या भावाने आत्महत्या केली होती. हमीद १८ डिसेंबर २०१८ रोजी मायदेशी परतला. त्याच्या हकिकतीवर पुस्तकही निघाले. कोहाटच्या त्या मुलीचे स्वतःचे म्हणणे मात्र माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

हमीदचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. परंतु घरी खरे सांगता आले नाही, आणि त्याची झळ त्याच्याइतकीच या स्त्रियांना लागली.

आता आपल्या अँटॉप हिलकडे या. संगमनगर असो वा कोकरी आगार, एका खोलीत सहा माणसे, आणि मोबाईल उशीखाली. मुलाने असे काही घरी सांगितले तर चार बोल खाऊन तो सुटतो. मुलीने सांगितले तर आधी मोबाईल जातो, मग शाळा, मग घाईने स्थळ पाहिले जाते. हे तिला ठाऊक असते म्हणून ती बोलत नाही. आणि फसविणाऱ्याचे सारे भांडवल तेच. ‘फोटो तुझ्या अब्बांना पाठवीन’ एवढे वाक्य त्याला पुरते. अब्बांना आधीच माहीत असेल, तर या धमकीत उरले काय?

तेव्हा मुलगी सांगायला आली, तर रागवायचे तेवढे रागवा. पण तिची शाळा थांबवू नका, आणि घाबरून मोबाईलमधील संदेशही पुसू नका, तोच पुरावा असतो. संमतीवाचून कोणाच्या खासगी अंगाचे छायाचित्र काढणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ ई खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे उकळले असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. मुलगी अठरा वर्षांखालील असल्यास १०९८ आहे. आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर अशा छायाचित्रांची तक्रार नाव न देताही नोंदविता येते.