रुग्णशय्येजवळचा तक्ता



पहाडगंजातून लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले कलावती सरन बालरुग्णालय फार दूर नाही. महाविद्यालय १९१६ सालचे, बालरुग्णालय १९५६ सालचे. अशा कोणत्याही रुग्णालयात रुग्णाच्या नाडीची, श्वासाची, तापाची, रक्तदाबाची ठरावीक वेळाने नोंद होते. भेटीला येणारे आप्त औषधांच्या बाटल्या न्याहाळतात, सलाइनचे थेंब मोजतात; त्या नोंदींच्या कागदाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. रुग्णाचे रक्ताभिसरण कोसळण्यापूर्वीची पूर्वसूचना बहुधा त्या कागदावरच उमटलेली असते.

१९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. या रोगाचा कपटीपणा असा, की खरे संकट पुष्कळदा ताप उतरू लागल्यावर येते. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान अंग थंड लागते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तातील द्रव पाझरून छातीत आणि पोटात साचू लागतो. ही गळती साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते. वाहिन्यांत द्रव कमी पडला की हृदय वेगाने धावते आणि त्वचेकडील वाहिन्या आक्रसतात. हातपाय गार पडतात, पण मेंदूला आणि हृदयाला रक्त मिळत राहते.

या काळात रक्तदाबाचे आकडे नीट वाचावे लागतात. सकाळी ११०/७० असलेल्या मुलाचा दाब दुपारी १००/८० झाला, तर केवळ वरचा आकडा पाहणारा म्हणेल, ‘शंभर आहे, ठीक आहे.’ परंतु दोन आकड्यांतील अंतर चाळीसवरून वीसवर आलेले असते. मुलांमध्ये हे अंतर वीस किंवा त्याहून कमी होणे, ही डेंग्यूच्या आघातावस्थेची खूण मानली जाते. त्यानंतर वरचा आकडा घसरतो तेव्हा तो एकाएकी घसरतो आणि सावरण्यास वेळ उरत नाही. दिल्लीकरांचे सारे लक्ष मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असते. प्लेटलेट मोजाव्यात, यात वाद नाही; पण मूल दगावण्याचे मोठे कारण ही गळती असते, आणि ती नाडीत, दाबातील अंतरात, लघवीच्या प्रमाणात आणि रक्ताच्या वाढत्या घट्टपणात दिसते.

प्रौढांच्या शरीराचीही रीत हीच. सुमारे पाच लिटर रक्तापैकी पंधरा टक्क्यांपर्यंत गेले, तरी बाहेरून फारसे काही जाणवत नाही. पंधरा ते तीस टक्के गेल्यास नाडी शंभरापुढे जाते, पण वरचा दाब बहुधा टिकून असतो. त्याहून अधिक गेले की तो पडतो. रक्तदाब ही अशी उशिरा बोलणारी खूण आहे. म्हणून आल्गोवर आणि बुरी या दोन वैद्यांनी १९६७ साली एक साधा भागाकार सुचवला: नाडीला वरच्या दाबाने भागावे. निरोगी माणसात उत्तर अर्धा ते शून्य पूर्णांक सात दशांश येते. नाडी ११० आणि दाबही ११०, हे आकडे सुटे पाहिले तर कोणी फारसे घाबरणार नाही; भागाकार मात्र एक येतो, आणि तो धोक्याचा असतो.

१९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयातच हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतील ८४ टक्के रुग्णांत, घटनेपूर्वीच्या आठ तासांत, प्रकृती ढासळल्याची किंवा नव्या तक्रारीची नोंद आढळली. नोंद होती, ती वाचून कोणी हललेले नव्हते. पुढे ब्रिटनमध्ये अशा निरीक्षणांना गुण देण्याच्या पद्धती निघाल्या आणि २०१२ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने देशभरासाठी एकच तक्ता दिला. श्वास मिनिटाला २२ असेल तर दोन गुण, नाडी ११२ तर दोन, वरचा दाब १०८ तर एक. बेरीज पाच होताच डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचे. सात झाली की आणीबाणी.

यांत सर्वांत उपेक्षित आकडा श्वासाचा. नाडीसाठी यंत्र बोटाला लावता येते. श्वास मोजायला घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर खाटेशी उभे राहावे लागते. एका परिचारिकेकडे अनेक खाटा असल्या की अंदाजाने ‘अठरा’ लिहिले जाते, आणि मग अठराच्या त्या शिस्तबद्ध रांगेत बिघाड लपून जातो. दोष तिचा एकटीचा नव्हे. मिनिट कोठून आणायचे, हा मनुष्यबळाचा प्रश्न आहे.

आता गादीखाली ठेवलेले संवेदक श्वास मोजतात आणि संगणक आकड्यांचा कल पाहून इशारा देतो. हे स्वागतार्हच. परंतु इशारा ऐकणारा कोणी हवा. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत तातडीच्या वैद्यकीय पथकांचा मोठा प्रयोग झाला. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा पथक असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत म्हणावा असा फरक दिसला नाही. निकषांत बसणाऱ्या पुष्कळ रुग्णांसाठी पथकाला बोलावलेच गेले नव्हते! शिवाय यंत्रे दिवसभर वाजत राहिली की कानही त्या आवाजाला सरावतात.

खाटेशी रात्रभर बसणाऱ्या आप्ताला येथे करण्याजोगे काही आहे. रुग्ण स्वस्थ पडला असता, त्याला न सांगता, छातीची हालचाल एक मिनिट मोजावी आणि वेळेसह कागदावर लिहावी. पावले गार लागतात का, लघवी होऊन किती तास झाले, शांत माणूस अकारण तळमळू लागला आहे का, हेही टिपावे. मग ‘यांना बरे वाटत नाही’ एवढेच न म्हणता सिस्टरना सांगावे, ‘संध्याकाळी श्वास अठरा होता, आता सव्वीस आहे, डॉक्टरांना बोलावता का?’