पिण्याच्या पाण्यावर कोणती बोट?

म्हैसाळचं आवर्तन सुटलं की आपल्या कवठे महांकाळच्या तलावांत पाणी येतं. ते कृष्णेचं, आणि उन्हाळ्यात कृष्णेला आधार कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा. त्याच कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, जावळी तालुक्यात मुनावळ्याला, 2024 साली सरकारनं जलपर्यटन सुरू केलं. आता आमच्या गटांच्या बैठकीतही विषय निघतो, की आपल्या तलावावर बोट आली तर चार पैसे मिळतील. मिळतील की! पण इंजिन कोणतं, हे आधी विचारायचं.

बोटीच्या मागं टांगतात ते जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे आपली जुनी लुना समजा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. त्यातलं सगळं जळत नाही, जवळजवळ पाव हिस्सा तसाच धुराबरोबर बाहेर पडतो. लुनाचा धूर हवेत जायचा, बोटीचा सरळ पाण्यात जातो. अमेरिकेत टाहो सरोवराचं पाणी लोक पितात. तिथं 1999 पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी आहे. बोटी काही बंद पडल्या नाहीत, कमी घाण करणारी इंजिनं आली.

कोयना 105 टीएमसीची. तिथलं तेल आपल्या घागरीत येईल, असं आम्ही म्हणणार नाही, उगाच भीती कशाला? पण आपला तलाव मे महिन्यात किती उरतो, ते तुम्ही बघताच. तुरटीनं गाळ बसतो, क्लोरीननं जंतू मरतात. पेट्रोल त्यानं जात नाही.

म्हणून सरसकट बंदी आम्हाला नको, नियम हवा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचं पाणी गाव पितं आणि त्यावर वल्ह्याच्या, पायडलच्या बोटी चालतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. मोटर नाही, डिझेलचा खर्च नाही.

ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी द्या: पिण्याच्या तलावावर टू-स्ट्रोक नको, काठावर पेट्रोल भरायचं नाही, जॅकवेलजवळ बोट न्यायची नाही. आणि हे ठेका देण्याआधी करा. नंतर आपलाच कुणी पुतण्या तिथं कामाला लागलेला असतो, मग कुणाचं तोंड उघडत नाही.