तासाचे पैसे
(दहावीच्या वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी सूत्रसंचालन करणाऱ्या मित्राने माझी ओळख 'आपले प्राध्यापक' अशी करून दिली. तुम्ही टाळ्याही वाजवल्या. ती चूक आधी दुरुस्त करतो. मी आता प्राध्यापक नाही. तीन वर्षांपासून अकोल्याला एका खासगी क्लासमध्ये 'नीट'च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. गावात हे फार कुणाला सांगितलं नव्हतं. पण समोर गुरुजी बसलेले असताना खोटी ओळख मिरवणं जमत नाही.

पिंपळगाव राजाहून एसटीनं खामगावला जाऊन शिकलो. पुढे एम.एस्सी. झालो, सेट पास झालो आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलो. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. तिथं बारा वर्षं शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा, यांचे काही नाही. २०१८ च्या शासन निर्णयानं पदवीच्या एका तासाला ५०० रुपये ठरले, आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. एकही सुट्टी आली नाही तर चार आठवड्यांचे १८,००० रुपये. त्याच वर्गांना तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये, महागाई भत्ता वेगळा.

दिवाळीआधी घेतलेल्या तासांचे पैसे कधी कधी होळीला हाती यायचे. आई विचारायची, "तुया पगार कवा होते रे?" मी म्हणायचो, "होईल." शेवटी शेवटी तिनं विचारणंच सोडलं. तेव्हा मीही कॉलेज सोडलं.

काय द्यायला हवं, हे वर कुणाला ठाऊक नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी २०१९ मध्येच अतिथी व्याख्यात्याला तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सांगितले. २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असंही म्हटलं आहे. आपल्या राज्यात ५०० चे २०२१ मध्ये ६२५ झाले, २०२३ मध्ये ९००. वाढ झाली, नाही कशाला म्हणू? पण नऊ तासांच्या हिशेबानं ते ३२,४०० च होतात, तेही सुट्टी नसलेल्या महिन्यात. आणि मे २०१७ मध्ये पदभरती थांबली, ती नंतर सुरू झाली तरी तुकड्यातुकड्यानं.

लोक म्हणतात, प्राध्यापकांना आधीच भरमसाठ पगार आहे. ज्यांना आहे, त्यांना चांगला आहे, आणि असावाच. प्रश्न दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा आहे. आज क्लासमध्ये मला कॉलेजपेक्षा कितीतरी जास्त आणि वेळेवर मिळतं. मग हुशार मुलगा कॉलेजात कशाला येईल? पण माझ्यासमोर बसतात ती फी भरू शकणाऱ्यांची मुलं. ज्याच्या बापाची कपाशी बोंडअळीनं गेली, त्याच्या मुलाला अनुदानित कॉलेजच आहे. तिथं चांगला मास्तर टिकला नाही, तर नुकसान मास्तरचं थोडं आणि त्या मुलाचं फार.

सकाळी आपल्याच एका वर्गमित्राच्या मुलीनं विचारलं, "काका, मला प्राध्यापक व्हायचंय, होऊ का?" 'नको' म्हणायला जीभ रेटली नाही. 'हो' म्हणायचाही धीर झाला नाही. "सेटचा अभ्यास कर," एवढंच म्हणालो.

म्हणून तुम्हाला एक विनंती. पोराचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा नुसती इमारत पाहून येऊ नका. विचारा, या विषयाची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? तोच प्रश्न मतं मागायला येणाऱ्यालाही विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही, पण शंभर बापांनी विचारलं तर टाळताही येणार नाही.

गुरुजी, वाटीत नाणं ठेवून, पाणी ओतून तुम्ही प्रकाशाचं अपवर्तन दाखवलं होतं. मी आजही तसंच दाखवतो. फक्त ते पाहायला आता फी लागते, एवढंच मनाला लागतं.