आपण दोघी, मी, एकटी



 

शाळेत संस्कृतचं द्विवचन घोकताना ते कशाला हवं, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल. प्राचीन ग्रीकमध्येही द्विवचन होतं. सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ इ.स.पू. 441 च्या सुमाराचं. त्या नाटकाच्या नायिकेचं कर्तेपण मला पहिल्यांदा दिसलं ते या द्विवचनात.

अँटिगनीचे दोन भाऊ, थीब्जचे राजपुत्र, एकमेकांच्या हातून मेले आहेत. त्यांतल्या पॉलिनायसिसचं प्रेत पुरायचं नाही, पुरेल त्याला मरण, असा क्रेऑन राजाचा हुकूम आहे. अँटिगनी बहिणीला, इस्मीनीला, वाड्याबाहेर बोलावून घेते. पहिल्याच ओळीत ती रक्ताच्या नात्याचे शब्द एकावर एक रचते आणि तिसऱ्या ओळीत दोघींसाठी द्विवचन वापरते. हुकमाचा उल्लेख येतो तेव्हा मात्र ते द्विवचन फुटतं. तिथे ‘तुला’ वेगळं आणि ‘मला’ वेगळं होतं, आणि ‘मला’वर ती पुन्हा एकदा जोर देते. इस्मीनीने अजून नकार दिलेला नाही. भावाला पुरण्याचा अँटिगनीचा निर्णय मात्र झालेला आहे, आणि तो व्याकरणात आधी उमटला आहे. इस्मीनी नकार देते, अँटिगनी एकटीच भावाला पुरते आणि पकडली जाते. पुढे इस्मीनी पश्चात्तापाने परत येते आणि गुन्हा दोघींचा म्हणते, तेही द्विवचनातच. अँटिगनी तो हात धरत नाही.

मराठीत द्विवचन नाही, पण आपल्याकडे ‘आपण दोघी’ आहे. ऐकणारीला सोबत घेणारं ‘आपण’ आणि तिला बाहेर ठेवणारं ‘आम्ही’ हा भेद आपली भाषा रोज पाळते. अनुवादकाने सुरुवातीला ‘आपण दोघी’ म्हणावं आणि नेमक्या जागी ते सोडून द्यावं. मी हे आग्रहाने सांगते, कारण अनुवादात तिचं दुःख आलेलं आणि तिचा निर्णय हरवलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

आता वृत्ताकडे येते. नाटकातले संवाद आयंबिक त्रिमात्रकात आहेत. त्याचा मूळ लगक्रम आपल्या प्रमाणिकेचा, म्हणजे लघूनंतर गुरू असा. ओळ साधारण बारा अक्षरांची असते आणि ठरावीक जागी लघूऐवजी गुरू चालतो, म्हणून ते कवायतीसारखं वाजत नाही. बोलण्याच्या सर्वांत जवळचं वृत्त हेच, असं अॅरिस्टॉटल सांगतो. क्रेऑन विचारतो, हुकूम माहीत होता का? अँटिगनीचं सगळं उत्तर एका ओळीत मावतं. ओळीचा पहिलाच शब्द प्रथमपुरुषी क्रियापद आहे आणि तेवढ्यात एक वाक्य संपतं. मग एक छोटा प्रतिप्रश्न, मग कारण. एका ओळीत तीन वाक्यं, आणि वृत्त कुठेही अडखळत नाही. घाबरलेलं माणूस असं बोलत नाही.

इथे मराठीची एक अडचण आहे. ‘मी केलं’ म्हणताना आपलं क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. ग्रीक क्रियापदाच्या प्रत्ययातच ‘मी’ असतो. पाणिनीने कर्ता म्हणजे कोण, हे ‘स्वतंत्र’ या एका शब्दात सांगितलं. मरणाकडे निघालेल्या अँटिगनीला नाटकातला वृंद (कोरस) जे विशेषण लावतो त्याचा अर्थ आहे, स्वतःच्याच कायद्याने चालणारी. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत, असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे.

त्या प्रसंगी ती आधी गाते. वृत्तं गेय आहेत आणि शोक लग्नाआधी मरणाऱ्या मुलीचा आहे. क्रेऑन येऊन तिला लवकर न्या म्हणून दटावतो आणि ती गाणं थांबवून संवादाच्या वृत्तात उतरते. नवरा किंवा मूल गेलं तर दुसरं होऊ शकतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळत नाही, हा तिचा युक्तिवाद याच वृत्तात आहे. जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की त्या प्रक्षिप्त ठराव्यात, असं तो 1827 मध्ये, त्याची संभाषणं नोंदवून ठेवणाऱ्या एकरमानपाशी बोलला. मला त्या हव्या आहेत. त्यांतलं तर्कशास्त्र थंड वाटेल. पण मरणाच्या दारात, सगळे रडण्याची अपेक्षा करत असताना, ही मुलगी बोलण्याचं वृत्त निवडते आणि आपल्या कृतीचं कारण स्वतः मांडते.

शेवटी शिपाई तिला नेतात. तिच्या अखेरच्या ओळी चालत्या पावलांच्या वृत्तात आहेत. त्याचा मूळ गण आपला सगण, दोन लघू आणि एक गुरू. थीब्जच्या वडीलधाऱ्यांना ती म्हणते की माझ्याकडे पाहा, आणि राजघराण्यातली उरलेली एकटी असं स्वतःला म्हणवते. इस्मीनी आत वाड्यात जिवंत आहे.